जुवावरचा भार : वऱ्हाडच्या कापूसगाडीचा तोल

१/
वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास सांगताना तीन गोष्टी हमखास येतात : काळी जमीन, अमेरिकेतील यादवी युद्ध आणि रेल्वे. शेत आणि स्टेशन यांच्यामधल्या दहा-वीस मैलांचा उल्लेख क्वचितच होतो. ते अंतर बैलगाडीने कापले. त्या गाडीचे सारे यश एका साध्या प्रश्नावर अवलंबून होते : ओझ्याचा किती भाग चाकांनी पेलायचा आणि किती बैलांच्या खांद्याने? हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे.

२/
प्रश्न जुना असला तरी संपलेला नाही. अमेरिकेत मोटारीमागे फिरते घर जोडून प्रवासाला निघणारे कुटुंब आजही याच विवंचनेत असते. मागचे वाहन पुढच्या वाहनावर किती रेलावे? कमी रेलले तर ते रस्त्यावर डोलू लागते. जास्त रेलले तर मोटारीची मागची बाजू दबते. त्यासाठी तेथे भार वाटून देणाऱ्या खास जोडण्या विकत मिळतात. वऱ्हाडात अशी जोडणी विकत मिळत नव्हती. ते काम गाडीवानाची नजर करीत असे.

३/
आरंभ गाडीच्याही आधीचा आहे. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस प्रामुख्याने बैलांच्या पाठीवरून जाई. लमाणांचे तांडे तो सुमारे ५०० मैलांवरील गंगाकाठच्या मिर्झापूर पेठेकडे नेत. पाठीवरच्या ओझ्यात तोल साधायचा तो डाव्या-उजव्या बाजूंचा. दोन्ही गोण्या समान हव्यात. नाही तर पालाण सरकते, पाठ सोलवटते आणि जनावर वाटेतच निकामी होते.

४/
वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८२५-२६ सालचा. तो केला विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने. निजामाच्या राज्यात सावकारी आणि महसुलाचे मक्ते सांभाळणारी ही पेढी. १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरात या पहिल्या खेपेची नोंद आहे : ५०० बैल, प्रत्येकावर २४० पौंड, म्हणजे एकूण १,२०,००० पौंड कापूस.

५/
या आकड्यांशी थोडे गणित करून पाहावे. १,२०,००० पौंड म्हणजे सुमारे ५४ टन. हाच माल गाड्यांतून, प्रत्येकी साधारण सव्वासात क्विंटल भरून न्यायचा म्हटला, तर ७५ गाड्या पुरतात. गाडीला दोन बैल धरले तर १५० बैल. पाठीवर ५०० आणि जुवाखाली १५०! फरकाचे कारण बैलाच्या ताकदीत नाही. पाठीवरचे सगळे ओझे जनावर उचलते. गाडीत ते आसावर बसते आणि बैलाला मुख्यतः ओढावे लागते.

६/
मग गाड्या आधीच का आल्या नाहीत? कारण गाडीला रस्ता लागतो. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चाक गिळते. शिवाय मुंबईच्या वाटेवर सह्याद्री उभा. बोरघाटातून चाकाची वाहने जाऊ शकतील असा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी नोव्हेंबर १८३० मध्ये खुला केला. त्याच दशकात सोलापूरकडच्या टेंभुर्णी येथे महसूल मोजणी खात्यातील गेसफर्ड या अधिकाऱ्याने सुधारित बैलगाड्यांचा कारखाना काढला. जड, भरीव चाकांची जागा आऱ्यांची हलकी चाके घेऊ लागली.

७/
पुढचा घटनाक्रम परिचित आहे. मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर इकडे वळली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नाक हा खास कापूस आयुक्त नेमण्यात आला. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी स्टेशने मागे टाकीत १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा ८ मैलांचा फाटा सुरू झाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते.

८/
रेल्वे आली आणि बैल सुटले, असे सहज वाटते. घडले उलटे. लांब पल्ल्याचे तांडे खरोखर मोडले. लमाणांचा शतकानुशतकांचा व्यवसाय एका पिढीत ओसरला आणि अनेक तांडे शेती-मजुरीकडे वळून वऱ्हाडातच स्थिरावले. जवळच्या पल्ल्याच्या गाड्या मात्र वाढल्या. आगगाडी शेतात येत नाही. जितका अधिक कापूस स्टेशनवर हवा, तितक्या अधिक गाड्या गावागावांतून निघायला हव्यात. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद मार्गाची 'शकुंतला' २० व्या शतकाच्या आरंभी आली, तरी तिच्या स्टेशनापर्यंत कापूस आणणारी गाडीच होती.

९/
आता गाडीची रचना. दोन चाके, त्यांना जोडणारा आस, आसावर साटा आणि साट्याखालून पुढे निमुळत्या होत गेलेल्या लांब दांड्या. त्यांच्या टोकाला, धुरेवर, आडवे जू बांधलेले. म्हणजे संपूर्ण गाडी ही एक तराजू आहे. आस हा तिचा टेकू. एका बाजूला ओझे, दुसऱ्या बाजूला दोन बैलांचे खांदे. चारचाकी वाहन भार कसाही भरला तरी उभे राहते. दुचाकी गाडी भरणाऱ्याची चूक लगेच दाखवते.

१०/
ओझे आसाच्या मागे अधिक झाले की गाडी मागे कलते आणि धूर वर उचलली जाते. अशा गाडीला मराठीत 'उलाळ' म्हणतात. उलाळ गाडीत जू खांद्यावरून उठते आणि मानेखालची जोती बैलाच्या गळ्यात रुततात. बैल ओढायला जातो आणि त्याचाच श्वास कोंडतो. खड्ड्यातून चाक उसळले तर दांड्या एकाएकी आकाशाकडे जातात. अशा वेळी बैलांचे हाल होतात आणि पुढे बसलेला गाडीवानही खाली फेकला जाऊ शकतो.

११/
ओझे पुढे अधिक झाले तर दोष वेगळा. गाडी वरवर स्थिर दिसते, डुलत नाही, उलटत नाही. पण प्रत्येक धक्क्याला जू खांद्यावर आदळते. आधी कातडे सोलते, मग सूज, मग जखम. जखमी खांद्याचा बैल हंगामाच्या ऐन भरात बसून राहतो. उलाळ गाडी तत्काळ शिक्षा देते, पुढून जड गाडी आठवडाभराने. चांगली गाडी या दोहोंच्या मधली : जू खांद्यावर टेकलेले असावे, पण दडपलेले नसावे.

१२/
ही मधली जागा किती अरुंद आहे? समजा, गाडी आणि माल मिळून वजन १००० किलो आहे. आसापासून जू २५० सेंटिमीटर पुढे आहे. साऱ्या वजनाचा गुरुत्वमध्य आसाच्या अवघा ५ सेंटिमीटर पुढे असेल, तर जुवावर येणारा भार २० किलो, म्हणजे दर बैलाला १० किलो. गुरुत्वमध्य आणखी १५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीतभरही नाही, इतका पुढे सरकला तर भार ८० किलो. तितकाच मागे सरकला तर गाडी पार उलाळ.

१३/
सपाट रस्त्यावर साधलेला तोल चढावर टिकत नाही. वरच्याच गाडीत गुरुत्वमध्य जुवाच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर उंच आहे असे धरावे, आणि रस्त्याचा रोध सोडून द्यावा. दहास एक अशा चढावर जुवावरचा २० किलोचा भार शून्यावर येतो. तेवढ्याच उतारावर तो दुप्पट, ४० किलो होतो. चढ याहून तीव्र असला की धूर उचलू लागते. ओझे जितके उंच, तितका हा फरक मोठा.

१४/
कापूस नेमका येथेच अडचणीचा. ज्वारीची पोती साट्यात खाली बसतात. सरकीसह वेचलेला कापूस हलका आणि फुगीर. पुरेसे वजन भरायचे तर ढीग उंच चढवावाच लागतो. गाडीच्या उभ्या दांड्यांच्याही वर गेलेला, दोरांनी आवळलेला पांढरा डोंगर हे दृश्य देखणे असले, तरी तोलाच्या दृष्टीने ते सर्वांत अवघड ओझे. पूर्णेच्या खोऱ्यातील पयानघाट सपाट, म्हणून निभावे. नाल्याचा उतार आणि पलीकडचा चढ आला की परीक्षा होई.

१५/
पुढे-मागे तोल साधला तरी आडवे डोलणे उरतेच. पावसाळ्यानंतर सुकलेल्या चिखलात चाकोऱ्या पडतात. एक चाक चाकोरीत आणि दुसरे बाहेर राहिले की उंच ओझे एका अंगाला झुकते. साटा वळतो, धूर बाजूला फेकली जाते आणि जू एका बैलाच्या मानेला ढकलते, दुसऱ्याला ओढते. सुदैवाने बैलांची गती ताशी तीन-चार किलोमीटर. ते डोलणे वाढत जाण्याआधीच विरते. त्रास होतो, पण गाडी सहसा हाताबाहेर जात नाही.

१६/
यावर गाडीवानांचे उपाय साधे आणि अचूक होते. जड माल आधी आसावर, मग थोडा पुढे, शेवटी मागे. भरून झाले की धूर हाताने उचलून पाहायची. एका माणसाला ती सहज पेलली पाहिजे, पण हात काढताच खाली आली पाहिजे. चढ आला की गाडीवान पुढे सरकून धुरेवर बसे. उतार आला की तो मागे सरके, किंवा सोबतचा माणूस मागच्या टोकाला लोंबकळे. माणसाचे स्वतःचे वजनच येथे सरकते माप होते.

१७/
दोन बैल सारखे क्वचितच असतात. एक वयस्क, एक तरुण. एक गवळाऊ जातीचा चपळ, तर दुसरा उमरडा जातीचा. अशा जोडीसाठी धूर जुवाच्या बरोबर मध्यावर न बांधता थोडी बळकट बैलाकडे सरकवून बांधण्याची रीत होती. कमजोर बैलाच्या वाट्याला जुवाची लांब बाजू आली की त्याच्यावरचा ताण कमी होतो. तरफेचा हा नियम शाळेत न शिकता शेतकरी दररोज वापरीत होता.

१८/
मालाच्या रूपातही बदल झाला. रेल्वेबरोबर खामगाव, अकोला, अमरावती येथे जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले. सरकी काढलेली रुई दाबून ३९२ पौंडांची घट्ट गाठ बनू लागली. आगगाडीच्या डब्यात अधिक माल मावावा हा हेतू. परंतु गाठीने गाडीचेही रूप पालटले : तेच वजन खाली बसले, गुरुत्वमध्य उतरला. कारखाना ते स्टेशन ही वाट सोपी झाली. शेत ते कारखाना या वाटेवर मात्र कापूस पूर्वीसारखाच फुगीर आणि उंच राहिला. यंत्राचा लाभ व्यापाऱ्याच्या टप्प्याला मिळाला, शेतकऱ्याच्या टप्प्याला नाही.

१९/
गाडीचा हा टप्पा बाजारभावातही उतरत असे. गाडी भरून पेठेत आलेला शेतकरी माल परत नेण्याच्या स्थितीत नसतो. बैल थकलेले, चाऱ्याचा खर्च चालू. वजनात आणि दरात त्याला नाडणे सोपे. १८८६ मध्ये कारंजा येथे देशातील पहिला नियमित बाजार मानला जाणारा कापूस बाजार स्थापन झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. पुढे १९७२ च्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या काळातही खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. जू उतरवून, धुरेला टेकू देऊन, मालक गाडीखाली झोपत.

२०/
खांद्यावरच्या या भाराची दखल सरकारी अहवालांपेक्षा सणाने अधिक घेतली. पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात खांदशेकणी होते. बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप लावून ते चोळतात, शेकतात. या विधीत पूजाभाव आहेच. पण जेथे जू टेकते नेमकी तीच जागा निवडलेली आहे, हे विसरू नये. काही आठवड्यांनी सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू होते आणि त्याच खांद्यांवर पुन्हा जू चढते.

२१/
अभियांत्रिकीचे लक्ष इकडे उशिरा वळले. १९७० च्या दशकात बेंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी ही देशाची एक मोठी वाहतूक व्यवस्था आहे असे ठामपणे मांडले, आणि जुवामुळे होणाऱ्या जखमांकडे लक्ष वेधले. त्यांच्या 'कार्टमॅन' संस्थेने सुधारित गाड्या आणि जुवांवर काम केले. रबरी टायरची 'डनलॉप' गाडीही खेड्यांत आली. हवा भरलेल्या चाकाने धक्के मऊ केले, ओढणे हलके केले. तोलाचा प्रश्न मात्र चाक बदलून सुटत नाही. तो माल भरण्यातच सोडवावा लागतो.

२२/
आज अकोट किंवा अमरावतीच्या बाजारात कापूस बहुधा ट्रॅक्टर-ट्रॉलीतून किंवा मालवाहू गाड्यांतून येतो. दुचाकी ट्रॉलीची आडणी ट्रॅक्टरच्या मागच्या कडीवर रेलते, जशी धूर खांद्यावर. माल फार पुढे भरला की ट्रॅक्टरचे तोंड हलके होते. चढावर पुढची चाके जमिनीवरून उठू पाहतात आणि सुकाणू निरुपयोगी ठरते. माल फार मागे गेला की ट्रॉली ट्रॅक्टरची मागची चाके हलकी करते आणि पकड सुटते. ट्रॅक्टर रक्तबंबाळ होत नाही, म्हणून चूक उशिरा कळते. कधी कधी फार उशिरा.

२३/
मोटारीमागच्या फिरत्या घराचा नियमही हाच. मागच्या वाहनाच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीवर असावा असे मानतात. भार वाटणारी जोडणी घेताना तिची क्षमता या जोडणीवरच्या भारावरून ठरवतात, नुसत्या एकूण वजनावरून नव्हे. तिच्यातील दोन स्प्रिंगदार दांडे तरफेसारखे काम करून मोटारीच्या मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांकडे आणि काही मागच्या वाहनाच्या आसाकडे ढकलतात. डोलणे रोखण्यासाठी घर्षणाचा वेगळा बंदोबस्तही असतो. पण सामान मागे कोंबलेले असेल तर कोणतीही जोडणी ते पूर्ण सावरू शकत नाही. आधी माल नीट भरावा, मग जोडणी निवडावी.

२४/
दोन्हींतील मोठा फरक वेगाचा. ताशी चार किलोमीटरवर विरणारे डोलणे ताशी नव्वदवर वाढत जाऊ शकते, आणि मागचे वाहन पुढच्याला घेऊन उलटते. बैलगाडीला १० टक्के भार चालणार नाही. १००० किलोंच्या गाडीत तो १०० किलो होईल आणि खांदे फुटतील. मोटारीला तो हवाच. म्हणजे तराजू तीच राहिली, योग्य माप मात्र बदलले. ते माप ठरवणारा निकष एकच : भार पेलणाऱ्याला काय सोसते आणि वेगाला काय लागते.

२५/
वसाहतकाळातील कापूस अहवालांत धाग्याची लांबी, गाठींची संख्या, लिव्हरपूलचे भाव, भेसळीच्या तक्रारी हे सारे सापडते. गाडी कशी भरावी हे सापडत नाही, कारण ते ज्यांना ठाऊक होते ते अहवाल लिहीत नव्हते. त्यांचे ज्ञान शब्दांत उरले आहे : धूर, जू, जोते, साटा, उलाळ. नेतृत्वासाठी मराठीत आजही 'धुरा सांभाळणे' म्हणतात. 'धुरंधर' म्हणजे मुळात धुरा वाहणारा. गाडी गेली की हे शब्दही अर्थ गमावतात. ज्यांच्या गावी अजून गाडीवर बसलेली पिढी आहे, त्यांनी गाडीच्या प्रत्येक भागाचे नाव विचारून, गावाच्या नावासह लिहून ठेवावे. वऱ्हाडच्या कापसाच्या इतिहासातील ती दहा-वीस मैलांची गाळलेली जागा भरण्याचे साधन बहुधा तेच आहे.

(समाप्त)